तिकडे गेल्यावर

काल दादा-वहिनीबरोबर नवीन घराची मापं घ्यायला गेले होते. चाव्या मिळायच्या आहेत अजून, पण आत सोडलं. ओट्यापाशी उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "दादा, ओटा उंच आहे रे. आईला पायाखाली पाट लागेल."

दादा खिडकी मोजत होता. टेप सर्रकन आत गेली. त्याने परत ओढली आणि तीच खिडकी पुन्हा मोजली. वहिनी म्हणाली, "चला, उशीर होतोय."

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. रागच येतोय, आणि कुणावर ते कळत नाही.

मुंबईतल्या बीडीडी चाळीतली आमची खोली 160 चौरस फुटांची, मोरी धरून. संडास व्हरांड्याच्या टोकाला. आता 500 चौरस फूट, दोन बाथरूम. लग्न होऊन आल्यापासून आई "चाळी पाडणार, चाळी पाडणार" ऐकत आली. एप्रिल 2017 मध्ये वरळीच्या जांबोरी मैदानावर नव्या इमारतींचं भूमिपूजन झालं तेव्हा ठेवणीतली साडी नेसून गेली होती. बायोमेट्रिकच्या वेळी तिचे अंगठे उमटेनात, तर घरी येऊन दिवसभर हाताला खोबरेल चोळत बसली. 14 ऑगस्ट 2025 ला पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या, ते टीव्हीवर बघताना नुसती म्हणाली, "लागेल आपलाही नंबर."

आणि गेली ती या संक्रमण गाळ्यात राहत असताना, नवीन घर होईपर्यंत दिलेल्या या तात्पुरत्या खोलीत. ना जुन्या घरात, ना नव्या. हेच राहून राहून टोचतं. जुनी खोली असती तर म्हटलं असतं, इथे ती बसायची, इथे तांदूळ निवडायची. ती खोली आता नाहीच. या गाळ्यात तर तिने संसार मांडलाच नाही. पितळेचे डबे, हंडा, पुरणयंत्र, सगळं जुन्या चादरीत गाठ मारून पलंगाखाली. सोड म्हटलं की, "इथे कशाला? तिकडे गेल्यावर सोडू." भिंतीला खिळासुद्धा मारू दिला नाही. बाबांचा फोटो कपाटावर टेकवून ठेवला होता. आता शेजारी तिचाही तसाच टेकवलेला आहे.

तिला खरंच यायचं होतं का तिकडे? की आमच्यासाठी म्हणायची? उंच मजल्यावर दार लावून बसणं तिला जमलं असतं का, तिचं दार तर रात्री झोपतानाच लागायचं. विचारायचं राहिलं. हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवसांचं तर... ते नको आत्ता.

काका म्हणतात वर्षाच्या आत वास्तुशांत करू नये, वर्षश्राद्ध होऊ दे, मग जा. दादाही तेच म्हणायला लागलाय. काल ते ऐकताना मलाही बरं वाटलं, आणि रात्री लक्षात आलं की मीसुद्धा आईसारखंच करतेय. तिकडे गेल्यावर फोटोला नीट फ्रेम करू, तिकडे गेल्यावर तिच्या साड्या बघू. रडायचंसुद्धा तिकडे गेल्यावर. तिचा वाट बघण्याचा स्वभाव आलाय माझ्यात. येऊ दे. तिचं काहीतरी आलं म्हणायचं. पण तिच्याकडे जन्मभराचा धीर होता, माझ्याकडे तेवढा नाही.

आज सकाळी दादाला सांगितलं, चाव्या मिळाल्या की जायचं. वास्तुशांत नंतर करू, आधी नुसतं दूध उतू घालू. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ओटा खरंच उंच आहे गं."

गाठोडं मात्र जायच्या आधी, इथेच सोडायचं. वहिनीला शनिवारी सुट्टी आहे. डबे काळे पडले असतील, चिंच आणून ठेवायला हवी.