तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकन साहित्य विनामूल्य कुठे वाचावे?

एम. ए. इंग्रजीला अमेरिकन साहित्याचा पेपर घेणारे विद्यार्थी मला दर वर्षी विचारतात की, परदेशी आवृत्त्या परवडत नाहीत आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मोजकीच पुस्तके आहेत, तर हे साहित्य इंटरनेटवर विनामूल्य कुठे मिळेल? एके काळी अशा अभ्यासासाठी हैदराबादच्या अमेरिकन अभ्यास केंद्राच्या ग्रंथालयात जाऊन राहावे लागे. आज एकोणिसाव्या शतकातील बहुतेक महत्त्वाचे अमेरिकन लेखन घरबसल्या उघडता येते. पण सहज मिळणारा मजकूर लेखकाने लिहिला तसाच असतो असे नाही, त्यामुळे हाती आलेला मजकूर कोणत्या आवृत्तीतला आहे, याची चौकशी आधी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे असते.

कवयित्री एमिली डिकिन्सनचेच पाहा. 1886 साली ती वारली तेव्हा तिच्या सुमारे 1800 कवितांपैकी अगदी थोड्या छापल्या गेल्या होत्या. पहिला संग्रह 1890 मध्ये निघाला, आणि त्याचे संपादक मेबल लूमिस टॉड व टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांनी अनेक कवितांना स्वतःची शीर्षके दिली, तिच्या ओळींमधल्या आडव्या रेघा काढून रूढ विरामचिन्हे घातली आणि काही ठिकाणी शब्दही बदलले. मृत्यू गाडी घेऊन येतो आणि निवेदिकेला सोबत नेतो, ही तिची सुपरिचित कविता त्या संग्रहात ‘द चॅरिअट’ या नावाने छापली गेली, पण तिचे एक संपूर्ण कडवे गाळून. सूर्य पुढे निघून जातो, दव पडते आणि अंगावरचे झिरझिरीत वस्त्र गारठ्याला पुरत नाही, असे ते कडवे आहे. संथ, सौजन्यपूर्ण वाटणाऱ्या त्या प्रवासात पहिली थंडी तिथेच जाणवते. ते काढले की कविता फारच सौम्य होते. जुनी पुस्तके विनामूल्य देणाऱ्या ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ या संकेतस्थळावर सहज सापडणारा पाठ याच जुन्या संपादनाचा आहे, कारण कॉपीराइट संपला आहे तो त्याचा. टॉमस जॉन्सन यांनी हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली आवृत्ती 1955 ची आहे आणि अमेरिकेत ती अजून संरक्षित आहे. म्हणून 2013 पासून खुल्या असलेल्या ‘एमिली डिकिन्सन आर्काइव्ह’वर जावे. हार्वर्ड, ॲम्हर्स्ट आणि अन्य संग्रहांतील तिच्या हस्ताक्षरातली पाने तिथे छायाचित्रांच्या रूपात पाहता येतात.

कवी वॉल्ट व्हिटमनसाठीही असेच ‘वॉल्ट व्हिटमन आर्काइव्ह’ आहे. त्याचा मुख्य काव्यसंग्रह ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ 1855 मध्ये फक्त 12 कवितांचा होता आणि पुढे आयुष्यभर तो त्याची नवी रूपे काढत राहिला. त्या आवृत्त्या इथे शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात.

गुलामगिरीतून सुटलेल्यांची आत्मकथने आपल्याकडच्या वाचकाने तर अवश्य वाचावीत. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. ती अर्पणपत्रिका ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला फ्रेडरिक डग्लस (1845) आणि हॅरिएट जेकब्स (1861) यांची आत्मकथने परकी वाटणार नाहीत. चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’ या संग्रहात ही आणि अशी अनेक कथने मूळ पृष्ठक्रमांकांसह मिळतात, त्यामुळे प्रबंधात संदर्भ देणे सोपे जाते.

व्याख्याने ऐकायची असतील तर येल विद्यापीठाच्या खुल्या अभ्यासक्रमांत एमी हंगरफर्ड यांची 1945 नंतरच्या अमेरिकन कादंबरीवरची मालिका आहे. ती ऐकण्यापूर्वी कादंबरी वाचून ठेवा. नाहीतर व्याख्यानातले मत तुमचेच होऊन बसते.

विसाव्या शतकात आल्यावर कायदा आडवा येतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे कॉपीराइट राहतो. कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे 1961 मध्ये वारला, म्हणून त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन आपल्याकडे 2022 पासून मुक्त आहे. अमेरिकेत मात्र 1978 पूर्वी प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांची मुदत प्रकाशनाच्या वर्षावरून मोजली जाते आणि त्याची 1952 ची लघुकादंबरी ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ तिथे अजूनही संरक्षित आहे. त्यामुळे अमेरिकन संकेतस्थळावर एखादे पुस्तक नाही, म्हणजे आपल्यालाही ते विनामूल्य वाचता येणार नाही, असे धरून चालू नका. कादंबरीकार टोनी मॉरिसन 2019 मध्ये वारल्या. त्यांची पुस्तके कुठे पूर्ण आणि फुकट दिसली तर ती बहुधा चोरीची प्रत असते. त्यांच्यासाठी ग्रंथपालांकडे लेखी मागणी नोंदवा, आणि चार-पाच जणांनी मिळून नोंदवा.