शिट्टीपुरती माया

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी टॅब्लेटवर आमच्या ओट्यावरचा कुकर काढायला घेतला. तीन सेकंदांचे हलते चित्र करायचे होते: कुकर शांत आहे, खाली ज्योत हलते आहे, मग तो थरथरू लागतो, शिट्टी उचलली जाते, वाफेचा झोत सुटतो आणि शिट्टी पुन्हा जागेवर बसते. सेकंदाला १२ फ्रेम या हिशेबाने ३६ फ्रेम झाल्या. त्यांपैकी पहिल्या एकवीस फ्रेममध्ये शिट्टी बसलेलीच होती आणि २२ ते २७ या सहाच फ्रेममध्ये ती वर होती, पण माझा सगळा जीव त्या सहा फ्रेममध्ये होता. वाफ काढणे हे कुकर काढण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. तिला कड द्यावी तर ती कापसासारखी दिसते आणि न द्यावी तर दिसतच नाही.

कॅनव्हास सवयीने १९२० बाय १०८०चा, म्हणजे आडवा घेतला होता. चित्र पूर्ण झाल्यावर लक्षात आले की हे ज्यांना पाठवायचे ती सगळी मंडळी फोन उभाच धरतात. आडवे चित्र उभ्या पडद्यावर गेले की वरखाली काळ्या पट्ट्या येतात आणि मधोमध आपला कुकर काडेपेटीएवढा होऊन बसतो. तेव्हा उजवीकडची खिडकी आणि कढई सोडून द्यायची आणि कुकरभोवतीची तेवढी उभी पट्टी ठेवायची, असे ठरवून मी क्रॉपचे साधन उघडले.

कॅनव्हासवर जाळी आली, चार कडांना पकडायच्या खुणा आल्या आणि वर आकडे दिसू लागले. उभ्या पडद्याचे प्रमाण नऊला सोळा. पूर्ण १०८०ची उंची ठेवली तर रुंदी येते ६०७.५. अर्धा पिक्सेल ही वस्तू अस्तित्वात नसते, आणि व्हिडिओच्या नेहमीच्या पद्धतींना तर दोन्ही मापे सम संख्येतच हवी असतात. ६०८ घेऊन मोकळे व्हावे, इतकी ही साधी गोष्ट होती. पण हिशेब चोख बसण्याची हौस वाईट. उंची ८०० केली की रुंदी बरोबर ४५० येते, हे माझ्या ध्यानात आले आणि वरची भिंत तशीही रिकामीच दिसत होती. मी वरची कड खाली ओढली, शिट्टीच्या टोकाच्या अगदी लगत आणून सोडली आणि बरोबरच्या खुणेवर बोट ठेवले.

त्या वेळी माझ्यासमोर पहिली फ्रेम होती. पहिल्या फ्रेममध्ये शिट्टी बसलेली असते.

एकच चित्र क्रॉप करताना जे कापले जाते ते डोळ्यांसमोर असते. चुकले तर लगेच कळते. हलत्या चित्राचे तसे नाही. तिथे कात्री आपण एका फ्रेमवर धरतो आणि ती चालते छत्तीसच्या छत्तीस फ्रेमवर, एकाच वेळी, एकाच रेषेत. ज्या फ्रेमकडे पाहून आपण जागा मोजतो तिच्यात अजून काही घडलेलेच नसते. रिकामी भिंत म्हणून मी जी जागा काढून टाकली ती रिकामी नव्हतीच. पावणेदोन सेकंदांनी येणाऱ्या शिट्टीसाठी आणि वाफेसाठी ती राखलेली होती, आणि राखली होती मीच.

पुढची चूक त्याहून बारीक, पण ती समजावून सांगायला अधिक वेळ लागतो. आता ४५० बाय ८००चे चित्र १०८० बाय १९२०चे करायचे होते. या साधनात दोन वेगळ्या गोष्टी शेजारीशेजारी राहतात आणि नवख्याला त्या एकच वाटतात. कॅनव्हास मोठा करणे म्हणजे अंगण वाढवणे: ठिपक्यांची रांगोळी आहे तेवढीच राहते, तिच्याभोवती सारवलेली जमीन वाढते. रीसॅम्पल करणे म्हणजे तेच ठिपके दूरदूर मांडून रांगोळी ताणणे, आणि मधल्या रिकाम्या जागी कोणते ठिपके असावेत हे यंत्राने अंदाजाने ठरवणे. मी ताणले. दोन्ही दिशांना २.४ पट, म्हणजे जिथे एक पिक्सेल होता तिथे सरासरी पावणेसहा पिक्सेल भरावे लागले. हे भरण करायच्या पद्धती आहेत. शेजारच्या पिक्सेलचाच रंग उचलून ठेवला तर तिरक्या रेषेला पायऱ्या पडतात, आणि आजूबाजूच्या पिक्सेलची सरासरी काढली तर पायऱ्या जातात पण रेष मऊ पडते. माझी कुकरच्या कडेची चार पिक्सेलची रेष दहाएक पिक्सेलची झाली, आणि शाई ओल्या कागदावर उतरल्यासारखी दोन्ही अंगांनी पसरली. रेषा पिक्सेलऐवजी गणिती वळणे म्हणून साठवणारी ॲप आहेत, त्यांना हा ताण सोसतो. माझे ॲप त्यांतले नव्हते.

एवढे करून, एकदाही न चालवून पाहता, मी ते चित्र आईला पाठवले आणि ॲप बंद केले. पाच मिनिटांत तिचा फोन आला. रेषेच्या मऊपणाबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिने एवढेच विचारले, “अगं, शिट्टी गेली कुठे? आणि वाफ छताला अडल्यासारखी का दिसतेय?”

चालवून पाहिले. कुकर थरथरत होता, शिट्टी उडत होती आणि उडाल्याबरोबर अदृश्य होत होती; वाफ वरच्या कडेला पट्टीने आखल्यासारखी सरळ तुटत होती. पाऊल मागे घ्यायला गेले तर ॲप बंद केल्यामुळे मागची पावले पुसली गेली होती आणि कडेबाहेरचे चित्र कायमचे गेले होते. सगळीकडे असे नसते. क्रिता या मोफत ॲपमध्ये नुसता कॅनव्हास लहान केला तर कडेबाहेर गेलेले चित्र थरांमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या पातळ्यांमध्ये, तसेच राहते. कॅनव्हास पुन्हा मोठा केला की ते परत दिसते, आणि खरोखरच छाटायचे असेल तर त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते. पूर्वी कागदावर हलती चित्रे काढणाऱ्यांकडे तर कागद कापण्याचा प्रश्नच नव्हता. तीन भोकांचा कागद पेगवर, म्हणजे छोट्या खुंट्यांवर, बसलेला असे, कॅमेऱ्याला त्यातले किती दिसायचे हे फील्ड चार्टवरच्या चौकटींनी ठरत असे, आणि जवळून दाखवायचे तर कॅमेरा खाली येई. चौकटीबाहेरचे चित्र तिथेच, कागदावर, शाबूत राही.

त्या शाबूत राहिलेल्या जागेला चांगला शब्द शिंप्यांकडे आहे: माया. ब्लाऊजच्या शिवणीत आत दुमडून ठेवलेले, आज कुणाला न दिसणारे आणि पुढे उसवून वाढवता येणारे कापड. आता मी कॅनव्हास सुरुवातीलाच २४०० बाय १३५०चा घेते, मधल्या १९२० बाय १०८०ची चौकट एका वेगळ्या थरावर फिक्या निळ्या रेषेने आखते आणि बाकीची कड माया म्हणून सोडते. ती फुकट मिळत नाही. साध्या रंगपद्धतीत एका पिक्सेलला चार बाइट धरले तर १९२० बाय १०८०च्या एका थराला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. माया धरली की ते दीडपटीहून जास्त होतात, आणि माझ्या ॲपमध्ये कॅनव्हास जेवढा मोठा तेवढे मिळणारे थर कमी, आणि तिथे एकेक फ्रेम एकेका थरावर असल्याने फ्रेमही कमी. कापड शेवटी पन्ह्यात बसवावेच लागते. शिवाय क्रॉप करण्याआधी आता मी जिथे शिट्टी सर्वांत उंच आहे त्या फ्रेमवर जाऊन थांबते, मागच्यापुढच्या फ्रेमची पुसट छाया दाखवणारी ऑनियन स्किन लावते, आणि मगच कडेला हात घालते.

कुकर मी पुन्हा पहिल्यापासून काढला. उभ्या कॅनव्हासवर, वर भरपूर भिंत सोडून. या वेळी आई घरीच होती. तिच्या हातात टॅब्लेट दिला. तिने पहिली फ्रेम पाहिली आणि म्हणाली, “वर एवढी भिंत कशाला ठेवलीस? उगाच मोकळं मोकळं दिसतंय.”

“थांब जरा,” मी म्हटले, “शिट्टी होऊ दे.”