आमची वाटचाल : येळवसचं ताट विकायचं नाही हे ठरलं, तिथून पुढं

माझं माहेर जालन्याकडचं. आमच्याकडं येळवस म्हणजे वेळ अमावस्या असा काही सण नसतो, ती लातूर-धाराशिवकडची गोष्ट. 2013 ला लग्न होऊन औसा तालुक्यात आले आणि पहिल्याच मार्गशीर्ष अमावस्येला आत्याबाईंनी (माझ्या सासूबाई) मला पहाटे तीनला उठवलं, चुलीवर भज्जीचं पातेलं एवढं मोठं की त्यात माझा हात बुडाला असता. हरभरा, तूर, वाल, वाटाणा, मेथी, गाजर, जे जे रानात आलेलं ते सगळं बेसनात शिजवलेलं, सोबत बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर, आणि डोक्यावर आंबिलाची बिंदगी (घागर) घेऊन सगळं घर शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, पूजा झाली की मामा (सासरे) ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपडत फिरले. आणि मग जेवण. त्या दिवशी बांधावरून जाणारा कोणीही असू दे, हाक मारून बसवायचा, जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. हे मी आधी सांगते कारण आमच्या धंद्यातला, म्हणजे शेतावर पाहुणे ठेवायच्या कृषी पर्यटनातला, सगळ्यात मोठा निर्णय ह्याच दिवसावरून झालाय.

धंदा सुरू झाला तो मात्र हौसेनं नाही, गरजेनं. 2016 चा उन्हाळा लातूरवाले विसरणार नाहीत, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं शहराला. आमचा बोअर आटला, विहिरीत चिखल, एक बैलजोडी विकावी लागली. सात एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तुरीच्या भावावर घर चालंना. मिस्टर पुण्याला कंपनीत जायचं म्हणत होते. त्याच वर्षी ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत अर्ज केला आणि 30 बाय 30 मीटरचं तळं झालं, पाऊस चांगला पडला, तळं भरलं, आणि रब्बीची ज्वारी अशी आली की मिस्टरांचे लातूरचे मित्र हुरडा खायला आले आणि जाताना म्हणाले की पैसे घेऊन करा की हे. 2017 च्या थंडीत पत्र्याचं एक शेड, चार बाजा, दोन आगट्या (हुरडा भाजायचे खड्डे) एवढ्यावर सुरू केलं.

हुरड्याचं एक सांगते, बाहेरच्यांना वाटतं कणसं तोडली भाजली झालं. तसं नाही. एका वेळी पेरलेली ज्वारी हुरड्याला येते ती जेमतेम आठ-दहा दिवस, दाणा दाबला की दूध-पीठ असलं पाहिजे, चार दिवस उशीर झाला की निबर. म्हणून आम्ही चार तुकड्यांत आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरतो, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत काही ना काही कोवळं असतंच. ज्वारीची जात मामा गूळभेंडीच म्हणतात, एक तुकडा आम्ही परभणी कृषी विद्यापीठाच्या परभणी वसंतचा पण लावतो, ती पण गोड लागते. शेणाच्या गोवऱ्यांचा आर पाहिजे, लाकडाच्या जाळावर कणीस करपतं. आणि भाजल्या भाजल्या चोळायचं, हात पोळतात, गार झालं की दाणा सुटत नाही. चोळणाऱ्या मावशी दोन आहेत, त्यांच्या हातामुळं आमचा हुरडा चालतो हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही लई चुकलो. शहरातल्या लोकांना काय आवडंल ह्याचा अंदाज बांधून पनीरची भाजी ठेवली, मोठा साऊंड आणला, लायटिंग लावलं. लोक आले, फोटो काढले, गेले, परत कोणी आलं नाही. आणि एक प्रसंग तर मनातून जातच नाही. सोलापूरहून एक कुटुंब आलं होतं, त्यात सत्तरीच्या पुढच्या आजी. दिवसभर बाजेवर बसून, सगळे हसत खेळत होते, आजी काही खाईनात की पाणी पिईनात. संध्याकाळी मी जवळ जाऊन विचारलं, आजी काय झालं, तर हळूच म्हणाल्या, बाळ पाणी पिलं की जावं लागंल आणि मला खाली बसता येत नाही. आमचं बाथरूम एकच, तेही ढेकळांतून जायचं. मी त्या रात्री रडले. खोल्या बांधायला जमवलेले पैसे आम्ही आधी दोन बाथरूमला घातले, कमोड, बाजूला धरायला दांडी, तिथपर्यंत सपाट फरशी, गरम पाण्याचा बंब. आमच्याकडं आजपर्यंत एसी नाही पण आजी-आजोबा निर्धास्त येतात, आणि आजी आल्या की सगळं घर येतं, मी हे पक्कं बघितलंय.

खोल्यांचं पण एक आहे. बरेच पाहुणे विचारतात, ताई तुम्ही जुन्या पद्धतीचं मातीचं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर का नाही बांधलं, फोटोला छान दिसलं असतं. किल्लारी आमच्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट, भूकंप झाला, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, झोपलेली माणसं त्याखाली गेली. मामांनी त्या दिवसांत हातानं ढिगारे उपसलेत. खोल्या काढायच्या ठरल्या तेव्हा ते एकच वाक्य बोलले, पाहुणा माझ्या छपराखाली झोपणाराय, छप्पर हलकं पाहिजे. त्यामुळं कॉलम, पायापासून सिमेंटचे पट्टे, वर हलकं छत असं करून चार खोल्या झाल्या, दोन 2018 ला आणि दोन नंतर. आतून मात्र सगळं घरचं, आत्याबाईंनी शिवलेल्या गोधड्या, कोनाडे, बाहेर ओटा. थंडीत त्या गोधडीत एकदा शिरलं की पोरं सकाळी उठत नाहीत.

आता येळवस. 2018 ला दोन खोल्या झाल्यावर आम्ही दोघांनी ठरवलं की येळवसचं पॅकेज करू, ताट एवढ्याचं, मुक्काम एवढ्याचा, लगेच चौकशा आल्या. मामांना रात्री सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, येळवसला बांधावर आलेल्या माणसाला पैसे मागायचे? मी वाद घातला, खरं सांगते, वर्षातला सगळ्यात मागणीचा दिवस, हप्ते आहेत, एवढ्या भाज्या, एवढं तूप. आत्याबाई मधी पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच विचार करत बसले की 2013 ला मी पण बाहेरचीच होते, मला त्या सणानं घरात घेतलं ते ताटामुळंच. तेव्हापासून नियम झाला, येळवसला आम्ही फक्त खोलीचे पैसे घेतो, जेवण सगळ्यांना तसंच, खोलीवाला असो नाहीतर वाटसरू असो. आणि खोल्या चारच, वाढवून मागितल्या तरी तंबू बिंबू नाही, कारण त्या दिवशी कामाला बाई मिळत नाही, प्रत्येकीच्या स्वतःच्या नाहीतर भावकीच्या शेतात येळवस असते, तिला आपल्याकडं राबायला बोलावणं बरोबर पण नाही. जेवढं घरच्या हातानं होतं तेवढंच. गंमत नाही सांगत, त्या एका दिवसाच्या पाहुण्यांनीच आमचा बाकीचा हंगाम भरला, संक्रांतीला, जानेवारीच्या हुरड्याला, नवरात्रात तुळजापूरला जाताना तीच घरं परत यायलेत. तुळजापूर आमच्याइथून तासाभरावर, कोजागिरीला चालत जाणारे भाविक रस्त्यानं असतात, त्यांना पाणी-चहा द्यायला पाहुण्यांची पोरं पण उभी राहतात. पाऊस चांगला झालेल्या वर्षी नळदुर्ग किल्ल्यातला पाणी महाल, त्यावरून पाणी कोसळतं ते बघायला आम्ही आवर्जून पाठवतो.

पोळ्याला पण कुटुंबं येतात. आदल्या दिवशीची खांदमळणी, बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणं, शहरातल्या लेकरांनी कधी बैलाला हात लावलेला नसतो. आमच्याकडं परत एक जोडी घेतली 2019 ला. ट्रॅक्टर असताना कशाला, असं भावकीत लई जण बोलले, पण मामांचा जीव त्यात.

2020 च्या मार्चनंतर सगळं बंद. दोन खोल्यांचं कर्ज डोक्यावर, एकही पाहुणा नाही, हंगामच्या हंगाम गेला म्हणायचा. त्याच वर्षी राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, त्यात पुढं नोंदणी करून घेतली, बोर्ड लावला. लोक बाहेर पडायला लागले तेव्हा मोकळी जागा, वेगळ्या खोल्या, घरचं जेवण हेच शोधत होते, तेव्हा सावरलो.

दोन गोष्टींवर आम्ही ऐकत नाही. एक शेततळं, त्याला चारी बाजूंनी जाळी आणि गेटला कुलूप. खाली प्लास्टिक कागद असतो, तो इतका निसरडा की पोहता येणारा मोठा माणूस पण वर चढू शकत नाही, म्हणून आत दोर आणि ट्यूब कायम टाकून ठेवलेत. लोक म्हणतात पोरांना पाय बुडवू द्या, नाही म्हणजे नाही. त्याऐवजी पोरांना शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) चढवतो, पाखरं हाकायला गोफण देतो, दगडाऐवजी चिंध्यांचा गोळा. दुसरी गोष्ट दारू. 2024 ची येळवस 30 डिसेंबरला आली, दुसऱ्या दिवशी थर्टी फर्स्ट, फोनवर फोन, दोन दिवसांचं मिळून करा, डीजे आम्ही आणतो, डबल पैसे देतो. नाही म्हणालो. 31 ला रात्री चार खोल्यांतली सगळी माणसं आगटीभोवती बसून उसाचा रस प्यायली आणि एका काकांनी सुंदर भारूड म्हटलं. बारा वाजेपर्यंत अर्धी पोरं झोपली होती.

एप्रिल-मे बंद ठेवतो. ऊन चाळीसच्या वर, आणि पाणी आधी जनावरांना आणि चिंचेच्या झाडांना. त्या काळात गोधड्या धुवायच्या, डाळ करायची, पाहुणे जाताना आमची तूरडाळ आणि चिंच घेऊन जातात त्याची तयारी.

2025 च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात आमचं सोयाबीन पाण्यात गेलं, वाफसा लवकर आलाच नाही (रान पेरणीजोगं सुकलंच नाही), ज्वारीची पेरणी लांबली. येळवस 19 डिसेंबरला, आणि ज्वारी गुडघ्याएवढी. मी एकेका घराला फोन करून सांगितलं, हुरडा नाही मिळणार, पाहिजे तर पैसे परत घ्या. कोणीच घेतले नाहीत. मामांनी सकाळी त्या गुडघ्याएवढ्या ज्वारीवर चर म्हणजे आंबील शिंपली, मागं पाहुण्यांची पोरं ओळीनं, ओलगे ओलगे ओरडत. वाहून गेलेल्या बांधावरच पंगत बसली. खोल्यांतली माणसं 14 होती आणि जेवली 63, शेजारचे ज्यांच्या शेतात यंदा काहीच उरलं नव्हतं ते पण आमच्याकडंच आले. आत्याबाईंनी आंबिलाच्या दोन बिंदग्या जास्तीच्या केल्या होत्या, दुपारी तीनला दोन्ही पालथ्या घालून ठेवल्या.