आईच्या गुडघ्यांसाठी गाडी

जपानमध्ये आम्ही राहतो त्या हमामात्सूमध्ये थंडीपासून मार्चअखेरपर्यंत एक कोरडा वारा वाहतो. या भागाचं जुनं नाव एन्शू, म्हणून हा 'एन्शू नो काराक्काझे'. सायकलवरच्या माणसाला खाली उतरायला लावेल इतका त्याला जोर असतो. 2025 च्या मार्चमध्ये आई-बाबा इचलकरंजीहून आले आणि दुसऱ्याच आठवड्यात या वाऱ्याने आमच्या गाडीचं मागचं दार आईच्या हातातून हिसकावून शेजारच्या पांढऱ्या गाडीवर आपटलं.

सुपरमार्केटच्या पार्किंगमधली गोष्ट. आईचे दोन्ही गुडघे दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरला बदलले. तेव्हापासून तिची गाडीतून उतरायची एक रीत ठरून गेली आहे. दार पूर्ण उघडायचं, दोन्ही पाय एकदम बाहेर काढायचे, एक हात वरच्या कडीला, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि मग उठायचं. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत दार पूर्ण उघडतच नाही. ती ते हाताने अडवून पाय फिरवत होती, तेवढ्यात वारा आला.

इथे ओरखडा कितीही बारीक असला तरी पोलिसांना कळवावंच लागतं, त्यांच्याकडे नोंद नसेल तर विम्याचं काम अडतं. आम्ही थांबलो. पांढऱ्या गाडीचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, पिशव्या घेऊन आले. त्यांनी दाराकडे नंतर पाहिलं, आधी आईला लागलं का ते विचारलं. पोलिस आले, कागद झाले, बाकीचं विम्यातून निघालं. पण आई रात्री दोन घासांवर उठली. "माझ्यामुळं झालं गं," एवढंच म्हणाली. गाडी बदलायची हे मी त्या रात्रीच ठरवलं. कराचे आकडे नंतर समोर आले.

आमची गाडी होंडा फिट, म्हणजे आपल्याकडे जॅझ म्हणून विकली जायची ती. सप्टेंबर 2012 ची नोंदणी, आमच्याकडे सेकंडहँड आलेली. लेकीला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून. तिने आम्हाला कधी रस्त्यात उभं केलं नाही. मग चांगली चालणारी गाडी का काढायची, असं बाबा रोज विचारायचे. त्यांची मारुती 800 एमएच-09 च्या पाटीसकट सतरा वर्षं दारात होती, त्यामुळे त्यांचं विचारणं बरोबरच होतं.

उत्तर जपानच्या नियमांत आहे. इथे गाडीची सक्तीची तपासणी असते, तिला शाकेन म्हणतात. नव्या गाडीला पहिली तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. ब्रेक, दिवे, धूर, टायर सगळं पाहतात, आणि त्याच वेळी गाडीच्या वजनावरचा कर आणि सक्तीच्या विम्याचे पैसेही भरायचे असतात. पेट्रोलच्या गाडीला तेरा वर्षं झाली की कर चढतो. आमच्या फिटचा वजनाचा कर आतापर्यंत दोन वर्षांना 24,600 येन होता, तो या सप्टेंबरच्या शाकेनला 34,200 झाला असता. इंजिनाच्या आकारावरचा वार्षिक कर वेगळा. त्याचं पाकीट दर मे महिन्यात टपालाने येतं. तो 34,500 चा पुढच्या मेपासून 39,600 होणार होता. हायब्रिडला ही वाढ लागत नाही. बाबांनी हे आकडे वहीत मांडले, रुपयांत करून पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे सरकारच सांगतंय, आता सोडा."

माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांनी एकच सल्ला दिला: केइ घ्या. केइ म्हणजे पिवळ्या पाटीची छोटी गाडी. इंजिन 660 सीसीपर्यंत, लांबी 3.4 मीटर आणि रुंदी 1.48 मीटरच्या आत. वार्षिक कर फक्त 10,800 येन. आकारावरून तिला कमी लेखू नका. होंडा एन-बॉक्समध्ये मी मागे बसले तेव्हा पाय लांब करता आले, डोक्यावर हातभर जागा होती, आणि दार सरकतं. आई तिथेच खूश झाली. पण केइमध्ये चारच माणसांना परवानगी आहे. बारा वर्षांखालची तीन मुलं दोन मोठ्यांच्या बरोबरीने धरतात, एवढीच सवलत. आम्ही चार मोठे आणि एक पाच वर्षांची लेक. हिशोब बसत नाही. नवरा म्हणाला, आई-बाबा वर्षातून तीनच महिने असतात, तेवढ्यापुरती भाड्याने गाडी घेऊ. मला ते पटलं नाही. वर्षभर ज्यांची वाट पाहायची, त्यांना आल्यावर भाड्याच्या गाडीतून फिरवायचं हे माझ्या मनाला लागलं.

टोयोटाची सिएंटा पाहिली, होंडाची फ्रीड पाहिली. दोन्ही चांगल्या, पण आमच्या गरजेपेक्षा मोठ्या आणि बजेटच्या बाहेर.

आणि मग फ्रॉन्क्स. ऑक्टोबर 2024 पासून सुझुकी ही गाडी जपानमध्ये विकते आणि ती येते थेट गुजरातच्या कारखान्यातून, जहाजाने. हमामात्सू म्हणजे सुझुकीचं गाव, कंपनीचं मुख्यालय इथेच. त्या गावात, शोरूमच्या काचेमागे, भारतात बनलेली गाडी. सेल्समनने आम्ही भारतीय आहोत हे पाहून ते मुद्दाम सांगितलं. बाबा बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. माझाही ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. 1983 मध्ये मारुती 800 आली ती इथल्या आल्टोवरून. आता गाडी उलट्या दिशेने येते आहे. मला तीच घ्यायची होती.

त्याच सुमारास बाबांना सुझुकी प्लाझा दाखवला. कंपनीचं संग्रहालय, प्रवेश फुकट, फक्त आधी नाव नोंदवावं लागतं. बाबांनी चाळीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करण्याचं, काम केलं. त्यांना वाटलं गाड्या पाहायच्या. पण तिथे सुरुवातीलाच माग. सुझुकीचा धंदा 1909 मध्ये मागांच्या कारखान्याने सुरू झाला, गाड्या फार नंतरच्या. पहिली सुझुलाइट 1955 ची. बाबा लाकडी मागासमोर थबकले. वाकून त्यांनी धोटा कुठून जातो ते पाहिलं, बोटाने हवेतच त्याची वाट काढली, उजवीकडून डावीकडे, परत उजवीकडे. मग फणीकडे बोट करून लेकीला सांगायला लागले, "ही अशी ठोकती, मग कापड घट्ट बसतंय. ह्यो तर आपलाच माग की." तिला किती कळलं कोण जाणे, पण ती "खट-खट, खट-खट" करत त्यांच्यामागे फिरली.

मिचिओ सुझुकी सुतार होते आणि पहिला माग त्यांनी स्वतःच्या आईसाठी बनवला होता, तिचं विणकाम हलकं व्हावं म्हणून. मी हे आईला मराठीत सांगितलं. ती बाकावर बसली होती, कारण फार वेळ उभं राहणं तिला जमत नाही. "शहाणा मुलगा," ती म्हणाली आणि पदराने चष्मा पुसला.

त्यानंतर मी आईला पुन्हा शोरूममध्ये नेलं. आधी फ्रॉन्क्समध्ये बसवलं. सीट छान, पण उतरताना तेच, दार बाहेर उघडणारं आणि वरची कड उतरती. आईला मान वाकवून आणि गुडघा वळवून एकदम बाहेर यावं लागलं. तिने तक्रार केली नाही. "चांगली आहे, घ्या," म्हणाली. पण कडीवरचा तिचा हात पांढरा पडला होता, तो मी पाहिला.

शेजारी सोलियो उभी होती. पूर्वी हिचं नाव वॅगन आर सोलियो होतं, म्हणजे आपल्या ओळखीच्या घरातलीच. केइसारखी उंच, पण पाच माणसांची आणि दोन्ही बाजूंनी सरकत्या दारांची. आई सीटच्या कडेला आली, दोन्ही पाय खाली सोडले आणि उभी राहिली. माझा खांदा धरायला तिचा हात वर आलाच नाही.

घरी येऊन आमची पार्किंगची जागा मोजली. इथे गाडी घ्यायची तर आधी जागा दाखवावी लागते. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा आहे याचा दाखला, शाको शोमेइ, पोलिस ठाण्यातून मिळतो. जागामालकाचं संमतिपत्र आणि हाताने काढलेला नकाशा जोडायचा, रस्त्याची आणि जागेची मापं लिहायची. पूर्वी मागच्या काचेवर त्याचा स्टिकर लावायचे, तो एप्रिल 2025 पासून बंद झाला. पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांत रात्री गाडीसाठी जागा शोधणाऱ्यांनी हा नियम आवर्जून वाचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. शोरूमवाले पैसे घेऊन हे काम करून देतात, पण मला स्वतः करायचं होतं. नवऱ्याने टेप धरली, लेकीने दुसरं टोक पकडलं. आमची जागा 2.3 मीटर रुंद आणि एका बाजूला भिंत. फ्रॉन्क्स 1.765 मीटर. ती मधोमध उभी केली तर दोन्हीकडे मिळून 53 सेंटीमीटर उरतात, त्यात दार उघडून आईला उतरवायचं. सोलियो 1.645 मीटर, उरतात 65, आणि दाराला त्यातली जागा फारशी लागत नाही. फ्रॉन्क्सचा विषय तिथे संपला. बाबांना वाईट वाटलं, मलाही वाटलं.

आई-बाबा मेअखेर परतले. जुलैमध्ये ऑर्डर दिली. गाडी कधी नेणार यावर मात्र दोन पंचांगं समोर आली. बाबांनी फोनवर सांगितलं, घटस्थापना, 22 सप्टेंबर. सेल्समनने कॅलेंडर उघडलं. जपानी लोकही दिवस पाहतात, सर्वांत शुभ तो तायआन. 22 ला तोमोबिकी होता, तोही वाईट नाही, पण सोमवारी त्यांचं दुकान बंद. 25 ला तायआन. "नवरात्र आहे ना अजून? मग झालं तर," बाबा म्हणाले.

त्या दिवशी फिट शेवटची चालवली. जुनी गाडी तिथेच दिली की नव्याच्या किमतीतून वजा होते, फार मिळालं नाही. मागच्या सीटवरून लेकीची बालसीट काढली तर खाली दोन शेंगदाणे आणि आईची केसांची पिन निघाली. लेकीने दाराला हात लावून "आरिगातो", म्हणजे थँक यू, म्हटलं. नवी गाडी बाहेर काढताना दुकानातले दोघे रस्त्यापर्यंत आले, आम्ही वळेपर्यंत कमरेत वाकून उभे होते.

घरी आल्यावर व्हिडिओ कॉल लावला. बाबांना नंबरप्लेट वाचून हवी होती. आईला दार पाहायचं होतं. लेकीने बटण दाबलं, दार सरकलं.

"पायरी किती उंच आहे गं?"

लेक गाडीला चिकटून उभी राहिली आणि पायरी तिला कुठवर येते तिथे बोट ठेवलं. आईने फोन बाबांच्या हातात दिला. पलीकडे ती खाटेवरून उठली, उंबऱ्यापाशी गेली, एक पाय वर टाकला आणि वळून म्हणाली, "एवढीच ना? येती मी मार्चात."