बुडालेल्या युद्धनौकेवरचं पुस्तक स्वखर्चानं काढताना

आयएनएस खुकरी 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीच्या टॉर्पेडोनं बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्यासोबत गेले. तिच्यावर शाळकरी मुलांसाठी प्रेरणादायी पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं, की संपादक, मुद्रितशोधक आणि वकील यांची कामं आपल्याच अंगावर येतात. माझ्या अनुभवातून हाती लागलेलं इथे देतो.

पहिला निर्णय मजकुराचा. नौका जिथे आहे तिथले अक्षांश-रेखांश छापायचे नाहीत, मग ते कुठूनही मिळालेले असोत. जावा समुद्रात 1942 साली बुडालेल्या ‘डी रॉयटर’ आणि ‘जावा’ या डच युद्धनौका 2016 साली पाणबुडे बघायला गेले, तेव्हा जागेवर नव्हत्या. तळावर फक्त त्यांचे ठसे उरले होते. नौकेच्या पंख्यांचं (प्रोपेलरचं) कांसं, कंडेन्सरमधलं तांबं-पितळ आणि पोलाद भंगारात विकलं जातं, म्हणून समाध्या उचलल्या जातात. युनेस्कोचा 2001 चा करार शंभर वर्षं पाण्याखाली राहिलेल्या अवशेषांनाच लागू होतो. खुकरीची शंभरी 2071 मध्ये भरेल, शिवाय भारत त्या करारात नाही. नकाशात दीवचा किनारा आणि समुद्राची दिशा दाखवली, तरी मुलांना पुरतं.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. इथे लेखकाला त्यांच्या तोंडी वाक्यं घालायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. माहीत नसलेलं अवतरणचिन्हात टाकलं, तर पुढच्या पुस्तकांत तोच इतिहास होऊन बसतो.

सर्वांत जास्त वेळ मृतांच्या नावांना द्या. यादी इंग्रजीत मिळते आणि देशभरातल्या आडनावांचं एकच स्पेलिंग देवनागरीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतं. ज्या प्रांताचा माणूस, त्या भाषेच्या जाणकाराकडून प्रत्येक नाव वाचून घ्या. मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला असेल, तर रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ मोडतात. म्हणून नावांचं प्रूफ वेगळं काढून, एकानं मूळ यादी मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं कागदावर खूण करायची. पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडलेला नसेल, तर जोडाक्षरं सुटी पडतात.

1971 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी छायाचित्रावर 2031 अखेरपर्यंत स्वामित्वहक्क असतो, आणि खासगी छायाचित्रावर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. परवानगी लेखी हवी.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेच्या पोर्टलवर विनामूल्य मिळतो. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना स्वतंत्र क्रमांक लागतो. अर्जातलं शीर्षक आणि लेखकाचं नाव शीर्षकपानाशी हुबेहूब जुळवून ठेवा.

डेमी या नेहमीच्या पुस्तकी आकारात फर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, 16 पानांचा धरतात. 160 पानं म्हणजे बरोबर दहा फर्मे. 164 झाली तर चार पानांसाठी वेगळी छपाई आणि कागदाची नासाडी होते. 70 जीएसएम (दर चौरस मीटरला 70 ग्रॅम) जाडीच्या मॅपलिथो कागदावर 80 कागदांचा, म्हणजे 160 पानांचा, कणा साधारण 8 मिमी येतो, पण मुखपृष्ठ करण्याआधी प्रेसकडून कोरी डमी मागवून मोजाच. मजकुराचा रंग फक्त काळ्या शाईचा ठेवा. चार शाया मिसळून केलेला काळा वापरला आणि छपाई केसभर सरकली, तरी वेलांट्यांना रंगीत सावली येते. वाचनालयात जाणाऱ्या प्रती दोराशिवणीच्या घ्या. नुसत्या गोंदाची बांधणी वारंवार उघडून सुटते.

प्रकाशनानंतर 30 दिवसांत 1954 च्या कायद्यानुसार कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉन्नेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चानं एकेक प्रत पाठवावी लागते. स्वतः पुस्तक काढणारे बरेच जण हे करत नाहीत, आणि मग त्या नावांची नोंद देशाच्या ग्रंथालयातच राहत नाही. बाकीच्या प्रती शाळांना टपाल खात्याच्या ज्ञान पोस्ट या पुस्तकांसाठीच्या सेवेनं पाठवता येतात. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये अधिक कर पडतो, आणि वर सांगितलेलं पुस्तक सुमारे 190 ग्रॅम भरतं. त्यासाठी पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असायला हवं.