तुकडेजोड

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून ३१ वर्षे काढलेल्या माणसाला कुठलीही मोकळी जागा नुसती जागा म्हणून पाहता येत नाही. तिची हद्द कोठून कोठे जाते, बांध कोणी कोरला आहे आणि लगतधारक किती रागात आहेत, हे त्याच्या डोळ्यांना आधी दिसते. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ वाटण्यांमध्ये गेला. भाऊ भावापासून वेगळा झाला, पुतण्याने चुलत्याकडे हिस्सा मागितला, की आम्ही साखळी घेऊन हजर. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याची कलमे खात्याच्या परीक्षेसाठी घोकली होती खरी, पण गटवारीची मोठी कामे माझ्या आधीच्या पिढीने उरकलेली होती, आणि विखुरलेले तुकडे एकत्र आणण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. तो निवृत्तीनंतर आला, सांगलीत विश्रामबागेतल्या राहत्या घरी, आणि तोही चार गिनीपिगांच्या बाबतीत.

त्यातल्या दोघी आमच्याच. भडंग आणि शाळू या सख्ख्या बहिणी, वय वर्षे चार. पहिली तिखटमीठ लावलेल्या चुरमुऱ्यांत शेंगदाणे दिसावेत तशी चट्टेपट्टेदार, दुसरी शाळूच्या दाण्यासारखी पांढुरकी. उरलेले दोघे मिरजेच्या मुलीकडचे: गूळ हा दोन वर्षांचा नर आणि हळदी ही चार महिन्यांची मादी. चौघांची नावे नातीने ठेवलेली असल्यामुळे त्यांना एका दमात हाक मारली की मार्केट यार्डातली यादी वाचल्यासारखे वाटते. मुलीची बँकेतून नागपूरला बदली झाली. जो प्राणी पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर पारा गेला की धापा टाकू लागतो, त्याला नागपूरच्या वैशाखात नेणे म्हणजे शिक्षाच. सांगलीचा उन्हाळाही काही सौम्य नव्हे, पण आमची तळमजल्यावरची मागची खोली शहाबादी फरशीची आणि सावलीची आहे. “त्यांना सगळ्यांना एकत्र ठेवा, आबा, म्हणजे त्यांना करमेल,” असा आदेश देऊन नात रेल्वेत बसली.

दोन जोड्या दोन खोल्यांत सुखाने राहिल्या असत्या, असे पत्नीचे म्हणणे होते, आणि हिशेबाने पाहता ते चुकीचे नव्हते. पण हे प्राणी पाच ते आठ वर्षे जगतात. आमच्या बहिणींपैकी एक गेली की दुसरी एकटी पडणार हे दिसत होते, आणि एकट्या पडलेल्या गिनीपिगाचे खाणे तुटते, तो कोपऱ्यात तोंड घालून बसतो, हे मी दुसऱ्यांच्या घरी पाहिलेले आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून तर गिनीपिग एकटा पाळणे कायद्यालाच मान्य नाही. कायद्याचा आधार मिळाला की सरकारी माणसाला हुरूप येतो. मी एकत्रीकरणाचा निर्णय घेतला.

गुळाची शस्त्रक्रिया पुण्याला वर्षापूर्वीच झालेली होती, हे फार बरे होते. नाहीतर नराची नसबंदी झाल्यावरही महिना-दीड महिना त्याला माद्यांपासून दूर ठेवावे लागते, कारण तेवढ्या काळात तो बाप होऊ शकतो. या माद्यांचे गाभणपण साधारण दोन महिन्यांचे, व्याल्यावर काही तासांत त्या पुन्हा गाभण राहू शकतात, आणि पिल्ले जन्मतात तीच अंगभर केस व उघडे डोळे घेऊन, दुसऱ्या दिवशी गवत चघळायला तयार. एवढ्या वेगाने खातेदार वाढले तर कोणता तलाठी नोंदी घालील?

नव्या जोडीला तीन आठवडे माडीवरच्या खोलीत वेगळे ठेवले. शिंका, डोळ्यांतले पाणी, खरूज, उवा यांपैकी काही असेल तर ते या काळात दिसून येते आणि एकाचे दुखणे चौघांना होत नाही. आधी खालच्यांचे खाणे-झाडणे, मग वरच्यांचे, आणि हात धुतल्याशिवाय जिना उतरायचा नाही, असा मी नियम केला होता. तो पत्नीने पाळला आणि मी दोनदा मोडला. गवताचा खप दुप्पट झाला. वैरणीच्या गाडीवरच्या मावशींनी एके दिवशी पेंढी बांधता बांधता विचारलेच, “म्हस घेतलीसा व्हय, साहेब?” त्यांच्याकडून मी गिनी गवत घेतो. हे गवत मूळचे आफ्रिकेतले, तर गिनीपिग दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या मुलखातला. तो ना गिनीचा ना डुकराच्या जातीचा. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या या दोन ‘गिनीं’ची गाठ सांगलीत पडावी, हे मला अजून नवलाचे वाटते.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो ज्या कारणाने फसला ते ऐकून माझे जुने सहकारी हसले. मी माडीवरच्या दोघांना उचलून थेट खालच्या बहिणींच्या पिंजऱ्यात सोडले. पिंजरा मोठा होता, स्वच्छ दिसत होता, आणि माझ्या मते तिथे चौघांना पुरेल एवढी जागा होती. पण मला जी जागा दिसत होती तिच्यावर बहिणींनी चार वर्षे वहिवाट केली होती. हे प्राणी बूड जमिनीला घासत चालतात आणि जाता जाता आपल्या गंधाची रेघ ओढून ठेवतात. प्रत्येक कोपऱ्यावर, प्रत्येक खोक्याच्या उंबऱ्यावर त्यांच्या खुणा होत्या, फक्त त्या वाचायला लागते ते नाक माझ्यापाशी नव्हते. भडंगचे केस मानेपासून कमरेपर्यंत उभे राहिले, तिने कडकड दात वाजवले, आणि हळदी एकच दार असलेल्या खोक्यात शिरल्यावर तिला तिथेच कोंडून कानाला चावा घेतला. रक्ताचा एक थेंब. मी मधे हात घालताच माझ्या अंगठ्यातून तीन-चार थेंब. पिंजरा परत दोन खोल्यांत विभागला गेला आणि कान भरून येईपर्यंत दहा दिवस गेले.

त्या दहा दिवसांत मला २००५ च्या महापुरानंतरची कामे आठवत राहिली. कृष्णेचे पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या मळीच्या जमिनींवर गाळाचा एवढा थर बसला होता की बांध, हद्दीचे दगड, बाभळीच्या खुणा, सगळे एकसारखे झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या भांडणारे दोन शेजारी त्या सपाटीवर उभे राहून एकमेकांना तंबाखू देताना मी पाहिले आहेत. मोजणी होऊन दगड परत उभे राहिले तेव्हा तंबाखू बंद झाली, ही गोष्ट वेगळी. गिनीपिगांच्या जाणत्या पाळणाऱ्यांचाही पहिला नियम हाच आहे, की भेट घडवायची ती कोणाचीच नसलेल्या जागी. तेवढा गाळ मला घरात तयार करायचा होता.

डिसेंबरातल्या एका रविवारी दिवाणखान्यातले सगळे सामान भिंतीला लावले आणि मधोमध आठ फूट बाय सहा फुटांचे कुंपण उभारले. खाली नुकत्याच धुतलेल्या जुन्या चादरी. आडोशाला पुठ्ठ्याची पाच खोकी, आणि प्रत्येकाला समोरासमोर दोन दारे. एकाच दाराचे घर म्हणजे आश्रय नव्हे, कोंडी, हे हळदीच्या कानाने शिकवले होते. पाण्याच्या बाटल्या दोन टोकांना दोन. मधोमध गवताचा गुडघाभर ढीग, आणि त्यावर कोथिंबीर व ढोबळी मिरचीच्या फोडी विखरून टाकल्या. क जीवनसत्त्व यांच्या शरीरात आपल्याप्रमाणेच तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरची त्यांना एरवीही रोज लागते. त्या दिवशी मात्र तिच्याकडे सामोपचाराचे काम होते. माझ्याजवळ जाड टॉवेल आणि केराची सुपली ठेवली, कारण खरी जुंपलीच तर मधे घालायला हातापेक्षा सुपली बरी. दुपारी तीन वाजता चौघांना एकदमच सोडले.

पहिली पाच मिनिटे चौघांनीही एकमेकांना पाहिलेच नाही, असा आव आणून गवत खाल्ले. लग्नात वर आणि वधूपक्षाची मंडळी पहिल्या पंगतीला अशीच जेवतात. मग गुळाने डोके वर काढले. घशातून खोल घुर्र असा आवाज काढत, मागचा भाग या बाजूला त्या बाजूला सावकाश हलवत तो भडंगभोवती फिरू लागला. त्याचे ते डौलात चालणे पाहून पत्नी म्हणाली, “याला लेझीम पथकात घ्या.” भडंगने दुर्लक्ष केले. मग तो शाळूकडे वळला. शाळूने त्याला अंगाजवळ येऊ दिले, पाठ फिरवली, आणि नेम धरून त्याच्या तोंडावर मुताची पिचकारी मारली. नको असलेल्या नराला मादीने सांगायची ही जुनी रीत आहे. माझ्या उभ्या कारकिर्दीत हरकतीचा एवढा थेट अर्ज मी पाहिला नव्हता. गूळ तोंड पुसत बाजूला झाला, आणि दहा मिनिटांनी घुर्रघुर्र करत परत आला.

यानंतरचे दोन तास फार कठीण गेले, त्यांना नव्हे, आम्हाला. भडंग आणि शाळू आळीपाळीने हळदीच्या मागे लागल्या. पाठलाग, ढुसण्या, अंगावर चढणे, कधी तोंडात केसांची एखादी बट. हळदी एवढ्या जोराने किंचाळत होती की शेजारच्या वहिनींनी कुंपणाच्या भिंतीवरून विचारणा केली. “अहो, मारतील त्या तिला, उचला आता,” असे पत्नीने किमान सहा वेळा म्हटले, आणि मी किमान चार वेळा उठलो. पण नीट पाहिल्यावर एक गोष्ट लक्षात आली: हळदीला कोणी हात लावलेला नसतानाही ती किंचाळत होती. शाळू दोन हातांवर असली तरी ओरडा सुरू. तो आवाज दुखण्याचा नव्हता. ‘मी लहान आहे, माझा काही दावा नाही,’ एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते ऐकले की पाठलाग तिथेच थांबत होता. त्या वेळी मी तिला उचलले असते, तर तिचे ते निवेदन अर्धवट राहिले असते, आणि दुसऱ्या दिवशी सगळी सुनावणी पहिल्यापासून सुरू झाली असती.

खरा चिंतेचा क्षण वेगळाच होता आणि तो अगदी शांत होता. भडंग आणि गूळ समोरासमोर आले, दोघांनीही नाक वर, आणखी वर, नेता येईल तेवढे वर नेले. ज्याचे नाक उंच त्याचा मान मोठा, असा त्यांचा हिशेब. मग गुळाने जांभई दिली. ती झोपेची नव्हती. पुढचे दात मुळापर्यंत दाखवायची ती पद्धत. दोघांच्या अंगावरचे केस फुलले, दातांची कडकड सुरू झाली, आणि माझा हात सुपलीकडे गेला. पाठलागाला घाबरायचे नसते, पण असे केस फुलवून, दात वाजवत, जागचे न हलता दोघे उभे राहिले की पुढच्या झेपेत दोघांचा एकच गोळा होतो आणि मग सोडवणे अवघड. मी श्वास धरून बसलो. बहुधा अर्धे मिनिट गेले असेल. गुळाने नाक दोन बोटे खाली आणले, बाजूला वळला आणि जमिनीवर काही महत्त्वाचे सांडले असावे तसा चादर हुंगू लागला. भडंगने ढोबळी मिरचीची फोड उचलली. निकाल लागला होता, आणि ज्याच्या विरुद्ध लागला त्याची अब्रूही राहिली होती. आमच्या कोर्टकचेऱ्यांत एवढे क्वचित साधते.

साडेसहाच्या सुमारास चौघे गवताच्या एकाच ढिगाला चार बाजूंनी तोंड लावून बसलेले दिसले. अंगाला अंग लावून नव्हेत. वीतभर अंतर राखून. मुलीने पाठवायला सांगितलेला गळ्यात गळे घातलेला फोटो काही मिळाला नाही. हा प्राणी कळपाचा आहे, बिलगणारा नव्हे.

तोवर पत्नीने मागच्या खोलीतला पिंजरा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने घासून काढला होता, जुनी खोकी फेकून नवी ठेवली होती आणि मांडणी उलटीपालटी केली होती, जेणेकरून बहिणींना आपल्या जुन्या खुणा सापडू नयेत. दोन पिंजऱ्यांच्या जाळ्या जोडून केलेले हे नवे घर आठ फूट बाय तीन फुटांचे आहे. चौघांना तेरा चौरस फूट तरी हवेत असे सांगतात. आमचे चोवीस भरतात, म्हणजे गुंठ्याचा सुमारे पंचेचाळिसावा हिस्सा. एकदा एकत्र आणल्यावर रात्रीपुरतेही वेगळे करायचे नसते, म्हणून त्यांना तसेच आत नेले. आत शिरताच पाठलाग पुन्हा सुरू झाला, आणि आम्ही दोघे अकरा वाजेपर्यंत मोड्यावर बसून राहिलो. पुढचे पंधरा दिवस अधूनमधून कुरबुर होत होती. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर चौघांचे वजन केले, कारण कोणाला खाण्यापासून हुसकले जात असेल तर ते डोळ्यांच्या आधी काटा सांगतो. हळदीचे वजन वाढत गेले. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती तव्यावरच्या लाहीसारखी जागच्या जागी उडाली, हवेतच वळली, आणि तिच्यापाठोपाठ चार वर्षांची, अंगाने जड अशी भडंगही उडाली. तिला तसे उडताना आम्ही दोन वर्षांत पाहिले नव्हते.

मान शाळूचा आहे, हे आता ठरले आहे. तिने एकदाही चावा घेतला नाही. ती नुसती खोक्याच्या एका दाराने आत शिरते आणि आतला दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. आपण मालक आहोत असा गुळाचा समज आहे आणि तो कोणी दूर केलेला नाही. कोण कोणत्या कोपऱ्यात बसतो याचा नकाशा मी सवयीने एकदा वहीत काढला, कोपऱ्यांना हिस्सा क्रमांकही दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातले एकही माणूस ठरल्या जागी नव्हते.

आता मुलीची पुन्हा बदली होण्याची चिन्हे आहेत, या खेपेस कोल्हापूरला. परवा फोनवर तिने सहज म्हटले, “बाबा, दिवाळीत येऊ तेव्हा आमचे दोघे घेऊन जाऊ.” मी म्हणालो की असे करता येत नाही, कारण खाते आता सामाईक झाले आहे. तिकडून नातीचा आवाज आला, “मग चारही आम्हालाच द्या ना, आबा!” इकडे पत्नी पेरूच्या फोडी करत होती, तिने सुरी खाली ठेवून माझ्याकडे पाहिले. मी रीतसर हरकत नोंदवली आहे. सुनावणी दिवाळीत आहे.