खोत्लापुढे दोन जागा

क्वेनेंग जिल्ह्यातल्या एका गावासाठी आम्ही बोअरच्या दोन जागा काढल्या होत्या. एक गावाला लागून, कोरड्या ओढ्याच्या काठी. दुसरी चढावर, गावापासून बरीच लांब. बोट्स्वानात ऑक्टोबरचं ऊन सर्वांत कडक असतं आणि नेमकी त्याच महिन्यात गावाची जुनी बोअर आटायला लागायची. रेझिस्टिव्हिटी सर्व्हेचे, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालच्या पाण्याचा अंदाज घेण्याच्या तपासणीचे, आलेख दोन्हीकडे बरे होते, जवळच्या जागेचे तर जास्तच. पण ती जागा वस्तीच्या उताराला होती आणि वस्तीत घरोघरी खड्ड्यांचे संडास. राजधानी गाबोरोनेच्या दक्षिणेला रामोत्स्वा इथे काय झालं, हे या देशात भूजलाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. डोलोमाइटच्या खडकात भरपूर पाणी होतं, विहिरी बांधून तयार होत्या, पण वरच्या वस्तीतून झिरपलेलं नायट्रेट इतकं वाढलं की त्या बंद कराव्या लागल्या. म्हणून आमची शिफारस लांबच्या जागेची होती. गावाला मात्र जवळची हवी होती.

कागदावर पाहिलं तर जमिनीचा निर्णय लँड बोर्डाचा. स्वातंत्र्य १९६६ साली मिळालं आणि पुढच्या काही वर्षांत जमीनवाटपाचा अधिकार टोळीप्रमुखांकडून या बोर्डांकडे गेला. तरी गावात खोत्ला भरून बोलणं झाल्याशिवाय कुणी बोअर खणायची रिग आणत नाही. खोत्ला म्हणजे गावाची सभा आणि ती जिथे भरते ती जागा: जाड खोडं उभी रोवून केलेलं अर्धवर्तुळाकार कुंपण, आत मोकळी माती, एखादं मोठं झाड. यातला ‘ख’ घशातून खरवडत येतो. राजधानीच्या नावातही तसाच घशातला आवाज आहे. तिथले लोक गाबोरोने म्हणत नाहीत, खाबोरोने म्हणतात.

निघण्याआधी आमच्या वरिष्ठांनी मला माऊनची गोष्ट सांगितली. ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशातली बोरो नदी खोल करून पाणी वळवण्याची मोठी सरकारी योजना होती. जानेवारी १९९१ मध्ये माऊनच्या खोत्लात मंत्र्यांसमोर लोक तासन् तास उठून बोलत राहिले, एकामागून एक, सगळे विरोधात. सरकारने योजना थांबवली, पुढे ती गुंडाळलीच. “नकाशा घेऊन जा,” वरिष्ठ म्हणाले, “पण आधी ऐकून घ्यायच्या तयारीने जा.”

माझं सेत्स्वाना नमस्कार-चमत्कारापुरतं. त्यामुळे बोलण्याचं सगळं ओझं आमच्या ऑफिसातल्या एका तंत्रज्ञ बाईंवर होतं. ऑफिसात सगळे त्यांना म्मा म्हणतात, मीही तेच म्हणतो. प्रौढ बाईला म्मा आणि पुरुषाला र्रा म्हटल्याशिवाय त्या भाषेत वाक्य पुरं होत नाही; दुकानात मीठ मागतानाही नाही. म्मा मूळच्या माहिकेंगच्या, म्हणजे सीमेपलीकडच्या दक्षिण आफ्रिकेतल्या. सेत्स्वाना बोलणारे लोक बोट्स्वानापेक्षा तिकडेच जास्त आहेत, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. बोट्स्वानाची सगळी लोकसंख्या सुमारे २४ लाख; दक्षिण आफ्रिकेत ही मातृभाषा असलेले ४० लाखांहून अधिक. इंग्रजांच्या काळात तर या देशाचा कारभारच माहिकेंगहून चालायचा, म्हणजे राजधानी देशाच्या हद्दीबाहेर होती!

त्याच माहिकेंगच्या न्यायालयात सोल प्लाटये दुभाष्या होते. इंग्रज आणि बोअर, म्हणजे तिथले डच वंशाचे लोक, यांच्या युद्धात १८९९-१९०० मध्ये माहिकेंगला वेढा पडला तेव्हाही ते तिथेच काम करत होते. पुढे त्यांनी सेत्स्वाना म्हणी जमवल्या, सातशेहून अधिक, आणि १९१६ साली त्यांचं पुस्तक काढलं. शेक्सपिअर सेत्स्वानात आणला. दुभाष्या कच्चा असेल तर निरपराध माणूस तुरुंगात जातो, ही जाणीव त्यांना पक्की होती. म्मांच्या बोलण्यात ते नेहमी येतात. गाडीत त्यांनी माझ्याकडून सगळं नीट समजून घेतलं: नायट्रेट कुठून येतं, किती खोल जातं, उकळून का जात नाही. उलट ते वाढतं, हे ऐकून त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

सकाळी लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले. बुटक्या, कातडी वादीने विणलेल्या लाकडी खुर्च्या म्हाताऱ्यांच्या, प्लॅस्टिकच्या बाकीच्यांच्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. बायका झग्यात, डोक्याला रुमाल, खांद्यावर शाल. पँट घालून आलेल्या बाईला खोत्लात बसू देत नाहीत. एके काळी बायकांना इथे बोलायलाच मनाई होती, हे म्मांनी मला मुद्दाम सांगितलं होतं. खोत्लाचं कौतुक करणारे ते विसरतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं.

सुरुवातीला प्रार्थना झाली. मग खोसी, म्हणजे गावचे प्रमुख, बोलले आणि पाहुण्यांची ओळख झाली. मी उजव्या हाताच्या कोपराशी डावा हात धरून हस्तांदोलन केलं आणि “डुमेलांग” म्हणालो. शेजारचे एक आजोबा म्हणाले, “याचा उच्चार चांगला आहे.” त्यात माझं कर्तृत्व काही नाही. प-फ, त-थ, क-ख हा भेद सेत्स्वानात आपल्यासारखाच आहे. मराठी तोंडाला ‘थेबे’ (म्हणजे ढाल) जड जात नाही, इंग्रजाला जातं. मग आजोबांनी विचारलं, तुमचं कूळ कुणाला मानतं? इथल्या बाक्वेना लोकांचं कुलचिन्ह मगर. मगरीला ते मारत नाहीत, तिचं मांस खात नाहीत, आणि खोसींना आदराने ‘क्वेना’, म्हणजे मगर, असंच संबोधतात. म्मा बारोलोंग लोकांपैकी, त्यांचं कुलचिन्ह कुडू जातीचं हरीण. मी म्हणालो, आमचं देवक कळंब. “तुम्ही ते झाड तोडता?” “नाही, र्रा.” आजोबांनी समाधानाने मान हलवली आणि आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली.

मग मी बोललो. नकाशा दाखवला, भूजलाचा उतार कोणीकडे, संडास कुठे, जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात नायट्रेटला घातलेली मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम. माझं पाच मिनिटांत संपलं. म्मा उभ्या राहिल्या आणि खूप वेळ बोलल्या.

त्यांनी सुरुवात गुरांच्या गोठणापासून केली, हे मला शब्द न कळताही कळलं, कारण म्हातारे सरसावून बसले. शेजारी बसलेला आमचा ड्रायव्हर मला हळू आवाजात सांगत होता. गुरांच्या बोअरजवळ वर्षानुवर्षं गोठण असतं तिथली माती कशी काळी होते, पाऊस पडला की ते सगळं खाली कुठे जातं, त्या पाण्यावर गुरं कधी कधी का आजारी पडतात. हे सगळं त्यांना आधीच माहीत होतं, म्मांनी फक्त क्रमाने मांडलं. मग त्या म्हणाल्या, माणसांचं घाणपाणीही तोच रस्ता धरतं.

मग त्या बाळांकडे वळल्या. नायट्रेटचा धोका सगळ्यात जास्त बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांना. त्यांचं रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, ओठ निळे पडतात. बोट्स्वानात एचआयव्हीची लागण झालेल्या आयांच्या बाळांसाठी सरकारने वर्षानुवर्षं दुधाची पावडर मोफत दिली आहे. ती ज्या पाण्यात कालवायची ते पाणी नळाचं. म्मांनी आजाराचं नाव एकदाही घेतलं नाही. “ज्या घरात बाळाला डबा मिळतो” एवढंच म्हणाल्या. बायकांच्या बाजूला एकदम शांत झालं. त्या शांततेत कोण कोण आहे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही कुणाकडे वळून पाहिलं नाही. मी पंधरा वर्षं पाण्याची भाषणं दिली आहेत, महाराष्ट्रातल्या ग्रामसभांतही. इतकं नेमकं आणि इतकं जपून कुणी बोलताना मी ऐकलं नव्हतं.

तरी गाव लगेच वळलं नाही, वळायचं कारणही नव्हतं. एक आजी उठल्या, खोसींना नमस्कार करून म्हणाल्या, तुमची पाइपलाइन येईपर्यंत मी नसेन, माझ्या गुडघ्यांना जवळचं पाणी हवं. एक गृहस्थ म्हणाले, लांबच्या जागेजवळ माझं गोठण आहे, तिथे गावाचा पंप आला तर माझ्या गुरांचं काय? हा प्रश्न साधा नाही. चराऊ मुलखात दोन बोअरमध्ये ८ किलोमीटर अंतर ठेवायचा नियम आहे, आणि ज्याची बोअर त्याचीच भोवतालची चराई, अशी इथली वहिवाट. गावाची बोअर आणि गुरांची बोअर यांत फरक कसा करणार, हे लँड बोर्डाच्या माणसाला उभं राहून सांगावं लागलं, आणि पहिल्यांदा ते कुणालाच पटलं नाही. त्याला दुसऱ्यांदा सांगायला लावलं. प्रत्येक जण उठायचा, नमस्कार करायचा, बोलून बसायचा. मध्ये तोडणं नाही. ऊन डोक्यावर आलं तशा खुर्च्या सावलीबरोबर सरकत राहिल्या.

दुपारी मागच्या रांगेतून एक गुराखी उठला. दुसऱ्याची गुरं राखणारा, स्वतःची खुर्ची नसलेला, अंगात ओव्हरऑल. तो बाखालाखारी होता. या लोकांची भाषा सेत्स्वानाला जवळची पण वेगळी, आणि जुन्या काळी बाक्वेना सरदारांच्या गुरांमागे ते वेठीला राबलेले. त्याच्या सेत्स्वानात त्याची भाषा मिसळत होती. दोन पोरं हसली. खोसींनी आवाज न चढवता एक म्हण टाकली: “म्मुआलेबे ओ बुआ ला खाग्वे.” वेडंवाकडं बोलणाऱ्यालाही आपलं बोलून घेऊ द्यावं. अशा सभेत ही म्हण कित्येकदा येते, पण त्या क्षणी ती त्या पोरांना उद्देशून होती आणि पोरांनी माना खाली घातल्या.

गुराखी म्हणाला, ओढ्याकाठच्या जागेत गवत वेगळं आहे. आजूबाजूला दुष्काळात काही उरत नाही तेव्हाही तिथे झुबके उभे असतात, गुरं तिथून हलत नाहीत. त्याच्या आजाने सांगितलं होतं की तिथे फार जुनं गोठण होतं. आणि चढावर, आमच्या लांबच्या जागेच्या थोडं अलीकडे, हाताने खणलेली बुजलेली विहीर आहे. तिचं पाणी गोड होतं.

मी म्मांकडे पाहिलं, त्या आधीच लिहून घेत होत्या. या देशात पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी हजारेक वर्षांपूर्वीच्या गुरं पाळणाऱ्यांच्या वस्त्या नेमक्या अशाच शोधल्या आहेत. पूर्व बोट्स्वानात टेकड्यांवर जुन्या शेणाचे जाड थर आहेत आणि त्यांवर सेंक्रस सिलिआरिस हे गवत दाट वाढतं, विमानातून काढलेल्या फोटोंत त्याचे ठिपके वेगळे दिसतात. ते गवत म्हणजे आपलं अंजन. सोलापूरकडच्या कुरणांत मी ते पायाखाली तुडवलं आहे. शेणाचे असे थर जमिनीखाली असतील तर संडास हलवले तरी नायट्रेट राहणार. जवळच्या जागेबद्दल आमच्याकडे शंका होती, आता ठोस कारण मिळालं होतं. आणि ते ज्या माणसाने दिलं त्याला उठण्याआधी बराच वेळ धीर गोळा करावा लागला होता, हे मी पाहत होतो.

खोसींनी शेवटी सगळ्यांचं म्हणणं एकेक करून परत सांगितलं, आजींचे गुडघेसुद्धा. मतदान झालं नाही. गावचे प्रमुख बोलता बोलता जिकडे वळले तो निर्णय: बोअर चढावर, बुजलेल्या विहिरीच्या बाजूला, पाइपलाइन येईपर्यंत टँकर, आणि पहिला नळ आजींच्या घराकडच्या टोकाला. आमच्यावर एक अट घातली. पाण्याची तपासणी झाली की आकडे ऑफिसात ठेवायचे नाहीत, इथे येऊन वाचून दाखवायचे. “पुला!”, म्हणजे पाऊस, असा गजर झाला आणि लोकांनी खुर्च्या उचलल्या.

बोअरला पाणी लागलं आणि नायट्रेट मर्यादेच्या बरंच खाली निघालं. आकडे वाचायला गेलो तेव्हा गुराखी पुढच्या रांगेत होता, कुणाची तरी खुर्ची मागून घेऊन बसलेला. त्या दिवशी सभा संपल्यावर लोक आमच्या गाडीभोवती जमले. प्रत्येकाच्या हातात बाटली, आत आपापल्या गोठणाच्या बोअरचं पाणी. गुराख्याने मालकाच्या बोअरचं आणलं होतं. बाटल्यांवर कूळ, जागा आणि तारीख म्मांनी लिहिली. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर आहे. गोठणं बोअरपासून दूर सारायची म्हणजे चराईच्या हद्दी पुन्हा आखायच्या आणि ते एका गावाचं काम नाही. नांगरणीचे दिवस संपले की यावर खोत्ला भरणार आहे. म्मांनी आतापासूनच माझ्याकडून प्रत्येक बोअरचे आकडे मागून घेतले आहेत.